मँगोस्टीनला पाणी घालणारी

चष्म्याच्या दुकानात पुढे काचेची कपाटं असतात, आरसे असतात. मागच्या खोलीत कोण बसतं ते गिऱ्हाइकाला सहसा ठाऊक नसतं. या दुकानाच्या मागच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं एकच बाई बसते आहे. चिठ्ठीवरचा नंबर वाचायचा, भिंगावर बरोबर मधोमध शाईचा ठिपका द्यायचा आणि मग पाण्याच्या धारेखाली फिरणाऱ्या चाकावर कड घासत न्यायची, हे तिचं काम. तिने घासलेलं भिंग फ्रेममध्ये दाबून बसवावं लागत नाही, आपसूक बसतं. दुकानात तिला सगळे भिंगताई म्हणतात. मालक म्हणतात, मालकांची सूनही म्हणते.

घरी तिला चिमी म्हणणारा एकच माणूस आहे, तिचा दादा. आईवडील गेल्यावर घरात ही दोनच माणसं उरली. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. टेलिफोनच्या तारा ओढण्याच्या खात्यात तो लाइनमन होता. खांबावर चढायचा तो माकडासारखा, आणि वरून गल्लीतल्या सगळ्यांच्या परसात काय वाळत पडलंय ते बघून येऊन बहिणीला रंगवून सांगायचा. चौतिसाव्या वर्षी बुडाशी कुजलेला एक खांब त्याला घेऊन आडवा झाला. जीव वाचला, पण कमरेखालचा सगळा भाग निकामी झाला.

पाच महिने तो इस्पितळात होता. शेजारच्या खाटेवर जहाजावरचा एक आचारी पाय मोडून पडला होता. त्याचे सोबती एकदा त्याला भेटायला आले, ते टोपलीभर जांभळी फळं घेऊन. लिंबाएवढी, जाड सालीची, डोक्यावर हिरवी टोपी घातल्यासारखी. आचाऱ्याने त्यातलं एक दादाच्या हातावर ठेवलं आणि साल दोन्ही तळव्यांत दाबून फोडायला शिकवलं. आत पांढऱ्याशुभ्र पाकळ्या. चार महिन्यांत दादाच्या तोंडाला पहिल्यांदा कशाची तरी चव लागली. नाव विचारलं तर आचारी म्हणाला, मँगोस्टीन. मोठ्या पाकळीत एक बी होतं, ते दादाने थुंकलं नाही. ओल्या कापसात गुंडाळून औषधाच्या डबीत ठेवलं. संध्याकाळी बहीण डबा घेऊन आली तेव्हा त्याने ती डबी तिच्या हातात दिली आणि सांगितलं, की हे बी वाळलं तर मेलं, तेव्हा आजच्या आज कुंडीत लाव.

तिला बरं वाटलं. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस काहीतरी मागत होता. तिने त्याच संध्याकाळी बी लावलं. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

रोप उगवलं, पण त्याला वाढायची म्हणून घाई नव्हती. दोन पानं यायची, मग महिनोन्‌महिने काही नाही, मग पुन्हा दोन पानं. वर्षभरात ते जेमतेम वीतभर झालं. दादा घरी आल्यावर त्याची खाट परसाकडच्या खिडकीला लावली आणि त्या खिडकीसमोर, भिंतीपासून आठ हातांवर, रोप जमिनीत लावलं. तेव्हापासून दादाचं तोंड आणि बहिणीचे हात असा कारभार सुरू झाला. उन्हाचा कडका सोसत नाही म्हणून चार बांबू रोवून वर जुनी चादर बांध. वारा लागतो, त्या बाजूला पोती लाव. बुंध्याशी पालापाचोळा घाल, पण खोडाला चिकटू देऊ नकोस. पाणी सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी एक. माती कधी वाळता कामा नये, आणि तुंबताही कामा नये. कुठूनकुठून त्याने माहिती मिळवली होती. एका शेतकी कॉलेजला पत्र घालून छापील पुस्तिका मागवली आणि ती पाठ केली.

तिचा दिवस असा बांधला गेला: पहाटे उठून दादाचं अंग पुसायचं, कूस बदलायची, लघवीची पिशवी बदलायची, मग झाडाच्या बादल्या, मग स्वयंपाक, मग दुकान. दुपारी एक वाजता चाक बंद करून पंधरा मिनिटं चालत घरी, त्याला जेवू घालून पुन्हा दुकान. संध्याकाळी तेच उलट क्रमाने. कुणी विचारलं तर ती म्हणायची, माझ्या घरी दोन लेकरं आहेत, एक बोलतं आणि एक बोलत नाही. लोक हसायचे, तीही हसायची.

दादा वाईट नव्हता. त्याच्या तोंडाची धार कमी झाली नव्हती एवढंच. शेजारी राहणारे निवृत्त कंपाउंडरकाका रोज संध्याकाळी येऊन बसायचे, त्यांच्याशी तो तासन्‌तास वाद घालायचा, आणि काका गेले की बहिणीला त्यांच्या नकला करून हसवायचा. पण बादलीला उशीर झाला की खिडकीतून हाक यायची. सुंभ जळाला तरी पीळ गेला नव्हता.

झाड पाच वर्षांचं आणि दादाच्या चाकाच्या खुर्चीएवढं उंच झालं, तेव्हा दुकानात फ्रेमवाला येऊ लागला. एका कंपनीच्या फ्रेमा घेऊन तो गावोगाव फिरायचा. नमुन्यांची पेटी मालकांसमोर उघडायचा आणि मग काही ना काही निमित्त काढून मागच्या खोलीच्या दारात उभा राहायचा. कोणत्या फ्रेमची खाच उथळ आहे, कोणती भिंग धरत नाही, हे तो तिला विचारायचा आणि तिचं म्हणणं वहीत लिहून घ्यायचा. तिचं म्हणणं कुणी लिहून घ्यायची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. आठ-नऊ महिन्यांनी त्याने सरळच विचारलं. त्याची बदली मोठ्या शहरात होत होती. दादालाही घेऊन जाऊ, तळमजल्यावरचं घर बघू, असं तो आपणहून म्हणाला.

ती त्या दिवशी घरी आली ती तरंगतच. दादाला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, की माणूस चांगला दिसतो, पण झाडाचं काय? या झाडाचं मुख्य मूळ सरळ खाली जातं, ते दुखावलं की झाड गेलं. पुस्तिकेत लिहिलंय, वाचून बघ. पाच वर्षांचं झाड आता हलत नाही. आणि ते सोडून मी हलणार नाही. तुला जायचं तर जा, मी अडवत नाही, कंपाउंडरकाका पाणी पाजतील मला कधीमधी.

तिने पुस्तिका काढून वाचली. खरंच तसं लिहिलं होतं.

इकडे आड तिकडे विहीर झाली. झाड हलत नव्हतं, झाडावाचून दादा हलत नव्हता आणि दादावाचून तिला हलता येत नव्हतं. फ्रेमवाल्याला तिने थोडं थांबायला सांगितलं. तो वर्षभर थांबला. या वर्षात तिने दादापाशी तीन वेळा विषय काढला आणि तिन्ही वेळा बोलणं पालापाचोळ्यावर नाहीतर खतावर जाऊन संपलं. चौथ्यांदा तिने काढलाच नाही. मग फ्रेमवाल्याचं येणं बंद झालं, त्याच्या जागी दुसरा माणूस यायला लागला. पुढे एकदा त्या नव्या माणसाने एक फ्रेम आणि चिठ्ठी आणून दिली. आमच्या साहेबांच्या, इथे आधी यायचे त्यांच्या, मिसेसचा चष्मा आहे, साहेब म्हणाले भिंगं इथूनच बनवून आण. उणे सव्वादोन, दोन्ही डोळ्यांना. तिने ठिपका दिला, कड घासली, फ्रेममध्ये बसवून मऊ फडक्याने पुसली. भिंगं नेहमीसारखीच झाली, आपसूक बसली.

त्या उन्हाळ्यात तिने झाडाला पाणी घालणं बंद केलं.

ठरवून केलं असं तिला कबूल करायचं नव्हतं. पहिल्या दिवशी उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पाठ दुखत होती. तिसऱ्या दिवशी कारण सापडलं नाही आणि तरीही तिने बादली उचलली नाही. खिडकीतून हाक येईल म्हणून ती कान देऊन होती. हाक आली नाही. तिला वाटलं, त्याचं लक्ष नसेल. पाचव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, सातव्या दिवशी शेंड्याच्या पानांनी माना टाकल्या. रात्रीच्या जेवणाला दोघं समोरासमोर बसायची आणि मीठ कमी-जास्त याच्यापलीकडे बोलायची नाहीत. घरात एक गोष्ट मरत होती आणि दोघंही तिच्यावरून नजर काढून घेत होती.

दहाव्या दिवशी दुपारी ती जेवण द्यायला घरी आली तर खाट रिकामी.

चाकाची खुर्ची मागच्या उंबऱ्याशी आडवी पडली होती. त्यापुढे परसातल्या मातीत रुंद फरपटलेली रेघ उमटली होती. रेघेच्या टोकाला दादा पालथा पडला होता, कोपरं सोलवटलेली, शर्ट घामाने आणि मातीने लडबडलेला. हाताशी प्लास्टिकचा मग उलटा पडला होता. पाणी सगळं मध्येच सांडलं होतं. झाड अजून चार हात लांब होतं.

तिने धावत जाऊन त्याला उताणं केलं, पदराने तोंड पुसलं. डोळे उघडे होते, शुद्ध होती.

"कधीपासून पडलायस?"

"अकरा वाजले असतील."

"मला सांगायचं होतंस, दादा."

"तुला काय सांगायचं? तुला ठाऊक होतंच की."

ती मातीतच बसली. त्याला उचलण्याचं बळ तिच्यात एकटीत नव्हतं, कंपाउंडरकाकांना हाक मारायला हवी होती, पण ती उठली नाही.

"मी मुद्दामच घातलं नाही पाणी," ती म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून बघतोय मी. मला दुसरं काम काय आहे?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू घातलं असतंस." त्याने तोंडातली माती थुंकली. "मला वाटलं, मरू दे. झाड गेलं की तुझाही पाय मोकळा होईल. नऊ दिवस दम धरला. आज सकाळी त्याच्याकडे बघवेना. माझ्या हातून तेवढंही झालं नाही, चिमे."

तिने विचारलं, की फ्रेमवाल्याच्या वेळी त्याने जे सांगितलं ते खरं होतं का. हा प्रश्न तिने दोन वर्षं पोटात ठेवला होता.

"झाड हलत नाही, ते खरं होतं," दादा म्हणाला. "मी हलू शकत नाही, ते खोटं होतं. मी घाबरलो होतो. तिथे गेलो असतो तर मी तुमच्या दोघांच्या घरातली अडचण झालो असतो. इथे निदान माझ्याहून हळू असं काहीतरी होतं."

रागाने बोलावं तर तो मातीत पडला होता, आणि माफ करावं तर फ्रेमवाला परत येणार नव्हता. शेवटी ती उठली, नळाखाली बादली लावली आणि झाडाला एक, दोन, तीन बादल्या पाणी घातलं. मग काकांना हाक मारली.

झाड वाचलं. अर्धी पानं गळाली, दीड वर्ष त्याने नवं पान धरलं नाही, पण वाचलं. दादाची कोपरं भरून यायला महिना लागला. काकांच्या ओळखीच्या एका नळकाम करणाऱ्याने टाकीपासून झाडापर्यंत बारीक भोकांची नळी टाकून दिली आणि तिची तोटी दादाच्या खिडकीच्या चौकटीवर बसवली. आता झाडाचं पाणी त्याच्या हातात होतं. बादल्या सुटल्या, तशा चिमीच्या सकाळच्या वीस मिनिटांना काही काम उरलं नाही. पहिले काही दिवस ती त्या वेळेत नुसती ओट्याशी उभी राहायची.

पुढच्या वर्षी मालकांनी आपणहून भिंगं घासणारं नवं यंत्र घ्यायचं ठरवलं. ते शिकायला कुणीतरी तीन महिने शहरात जायला हवं होतं. मालकांनी तिला विचारलं, तिने घरी येऊन सांगितलं, आणि ती नाही म्हणायच्या आत दादाच म्हणाला, की जा. त्याने सगळी व्यवस्था लावली. स्वयंपाकाला गल्लीतल्या एक मावशी येणार होत्या, अंग पुसायला आणि कूस बदलायला कंपाउंडरकाका. जाताना त्याने तिला खिडकीतून हात केला आणि चेहरा असा काही केला की तिला हसूच आलं.

शहरात तिला चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. खोलीत एक खाट, एक टेबल आणि भिंतीत बसवलेलं कपाट. पहिल्या संध्याकाळी ती सात वाजता खोलीवर आली आणि दार लावून खाटेवर बसली. कुणाचंच काही करायचं नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तिला झोप आली. ती अकरा तास झोपली. यंत्र ती इतरांच्या निम्म्या वेळात शिकली. तिसऱ्या महिन्यात तिथल्या मोठ्या कारखान्याने तिला कायमची जागा देऊ केली, लेखी. उत्तर द्यायला पंधरा दिवस होते. ते पत्र घेऊन ती दोन दिवसांसाठी घरी आली.

दादाने पत्र दोनदा वाचलं. "घे," तो म्हणाला. "आता मी काही मध्ये घालत नाही." आणि खरंच त्याने झाडाचं नावसुद्धा काढलं नाही. काकाही म्हणाले, की आमचं छान चाललंय. घर लख्ख होतं, झाडाला लालसर कोवळी पानं फुटली होती, मावशी वेळेवर येत होत्या. तिला बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना यायला उशीर झाला म्हणून तिने स्वतःच दादाचं अंग पुसायला घेतलं. तो नको नको म्हणत होता. कूस वळवली तेव्हा तिला कमरेखाली, माकडहाडाशी, तळहाताएवढी जखम दिसली. काळी कड, आत ओली. त्याला तिथे दुखत नव्हतं, कारण त्याला तिथे काहीच कळत नव्हतं. काकांना महिनाभर ठाऊक होतं. त्यांचे स्वतःचेच हात आताशा थरथरायचे, त्याला नीट उचलून वळवणं त्यांच्याने होत नव्हतं, आणि दादाने त्यांना शपथ घातली होती की चिमीला कळता कामा नये.

"भरेल ती," दादा उशीत तोंड खुपसून म्हणाला. "तू जा."

तिने जखम धुतली, पट्टी बांधली, डॉक्टरांना बोलावून आणलं. पंधरा दिवसांची मुदत कधी संपली ते तिने दिनदर्शिकेत पाहिलं नाही. तो जा म्हणत होता, काका जा म्हणत होते, मालकसुद्धा म्हणाले असते. आता तिला धरून ठेवणारं कुणी नव्हतं, आणि हेच तिला सगळ्यात जड गेलं. पूर्वी दोष द्यायला एक झाड तरी होतं.

झाडाला फळ धरलं ते बाराव्या वर्षी. अकरा फळं. आधी हिरवी, मग सालीवर गुलाबी ठिपके, मग एकेक करून जांभळी. खाली पडलं तर साल दगडासारखी होते, म्हणून दादाने काठीला जुन्या उशीच्या अभ्र्याची झोळी बांधायला लावली. ती स्टुलावर चढली, तो खाली खुर्चीत बसून कोणतं पिकलंय ते सांगत होता. पहिलं फळ तिने त्याच्या हातात दिलं. त्याने तळव्यांत दाबून फोडलं आणि तिच्यापुढे धरलं.

ते फार चांगलं लागलं. इतकं चांगलं लागेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्याचा तिला राग आला. सालीचा जांभळा रस तिच्या ब्लाउजवर सांडला होता. दादा म्हणाला, की हा डाग निघत नाही. ती म्हणाली, ठाऊक आहे.

त्याच दिवशी, हात धुता धुता, तिने त्याला सांगितलं की यापुढे दरवर्षी आठ दिवस ती घरी नसेल. कुठे जाईन ते सांगणार नाही, पत्ता देणार नाही. आठ दिवस रोजंदारीवर परिचारिका ठेवायची, नात्याचं कुणी नको. दादाने मान डोलावली. त्याने एकच विचारलं, की नवव्या दिवशी येशील ना? ती म्हणाली, येईन.

तेव्हापासून ती जाते. कधी समुद्रकाठच्या गावी, कधी डोंगरात, बहुतेक वेळा अशा ठिकाणी जिथे बघण्यासारखं काहीच नसतं. लॉजमध्ये उतरते, उशिरा उठते, लांबवर चालून येते. येताना काही आणत नाही. तो विचारत नाही. आता तिची पन्नाशी झाली, दादा अठ्ठावन्नचा आहे. कंपाउंडरकाका जाऊन सहा वर्षं झाली. झाड कौलांच्या वर गेलंय आणि वर्षाला तीनेकशे फळं देतं. गल्लीतली माणसं बिया मागायला येतात आणि दादा प्रत्येकाला मुख्य मुळाबद्दल व्याख्यान देतो.

यंदा परतताना तिची बस वाटेत बंद पडली. एका लहानशा गावाच्या थांब्यावर सगळ्यांना उतरवलं. दुसरी गाडी यायला चार तास लागतील, असं वाहकाने सांगितलं. लोक वैतागले, कुणी मालवाहू गाड्यांना हात करून निघून गेले. ती बाकावर बसली. समोर सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तिथला माणूस एका चाकाची एकेक तार पिळून चाक फिरवून बघत होता, पुन्हा पिळत होता. तिने ते चाक सरळ होईपर्यंत सगळं बघितलं. मग चहा घेतला. थांब्यावरून चार वाटा फुटत होत्या आणि प्रत्येक वाटेला एक तरी गाडी जात होती. ती या घडीला कुठे आहे हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. गाडी आलीच नाही तर, असं तिच्या मनात आलं, आणि छातीत काहीतरी मोकळं झालं. मग तोच विचार पुन्हा आला तेव्हा ती उठली. रस्त्यापर्यंत गेली, वाकून बघितलं, परत येऊन बसली. असं तिने किती वेळा केलं ते सायकलवाल्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो म्हणाला, येईल हो गाडी, बसा.

चार वाजून गेल्यावर धूळ उडवत बदली गाडी आली. उरलेले प्रवासी आळोखेपिळोखे देत उठले. ती केव्हाच दाराशी जाऊन उभी राहिली होती, पिशवी खांद्याला लावून.